बोटींच्या नावाची वादळं

आमच्या घरात वादळं बोटींच्या नावानं ओळखली जायची. तुकारामचं वादळ, रामदासचं वादळ. गिरगावातल्या आमच्या चाळीत शेजारच्या बिऱ्हाडात एक कच्छी आजोबा होते, ते बोलायला बसले की विजळीचं वादळ निघायचं. २००४पासून आपल्याकडच्या चक्रीवादळांना आधीच तयार केलेल्या यादीतून नावं मिळू लागली, म्हणून आज शाळकरी मुलगासुद्धा निसर्ग आणि तौक्ते ही नावं सांगतो. त्याआधी वादळाला नाव मिळायचं ते बुडालेल्या बोटीचं. या बोटी एक तर मुंबईला निघालेल्या असायच्या, नाही तर मुंबईहून सुटलेल्या.

मुंबईवर वादळ येत नाही, असं आम्ही मुंबईकर वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आलो. मीही ते ऐकत मोठा झालो. पण त्याच घरात रात्री जेवणं झाल्यावर ज्या गोष्टी निघायच्या त्या वादळांच्याच असायच्या आणि त्यात मुंबईची माणसं मेलेली असायची. या दोन्हींचा मेळ घालायला मला फार वेळ लागला.

आजीचं माहेर रेवसजवळचं. १९४७च्या जुलैत ती अकरा वर्षांची होती. तिचे मामा लालबागला गिरणीत होते आणि आषाढी अमावस्येला, म्हणजे गटारीला, गावी येणार होते. त्यांना आणायला तिचे वडील बैलगाडी घेऊन रेवसच्या धक्क्यावर गेले, तेव्हा हट्ट करून तीही गाडीत बसली. तारीख १७ जुलै, वार गुरुवार. पाऊस आदल्या रात्रीपासून लागून होता. धक्क्यावर बऱ्याच गाड्या सोडलेल्या, बैल ओलेचिंब, माणसं घोंगड्यांच्या खोळी घेऊन उकिडवी बसलेली. मुंबईची बोट यायची म्हणजे तेव्हा सण असायचा. कोणी नवऱ्याची वाट बघतंय, कोणी भावाची. आजीला मामांपेक्षा त्यांच्या पिशवीतल्या रेवड्यांची ओढ होती, हे ती स्वतःच सांगायची.

रामदास बोट सकाळी आठ वाजता भाऊच्या धक्क्यावरून सुटली होती. १९३६ साली विलायतेत बांधलेली, १७९ फूट लांबीची, त्या मार्गावरची चांगली बोट म्हणून नाव असलेली. सुट्टीसाठी निघालेल्या चाकरमान्यांनी ती खच्चून भरली होती. बंदराचं पाणी सोडून ती बाहेर आली आणि काशाच्या खडकाजवळ तिला वाऱ्यानं आणि लाटांनी गाठलं. एका मोठ्या लाटेनं बोट कलली, डेकवर पाणी आलं, माणसं घाबरून एकाच बाजूला धावली आणि त्या वजनानं ती पालथी झाली. अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर मुंबई होती. सहाशेहून जास्त माणसं बुडाली.

धक्क्यावरच्या लोकांना यातलं काही माहीत नव्हतं. बोटीची वेळ टळली. उशीर झाला असेल, सुटलीच नसेल, असं म्हणत लोक बसून राहिले. मग बोटीऐवजी कोळ्यांच्या होड्या येताना दिसल्या. त्यांत माणसं आडवी घातलेली होती. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या या कोळ्यांनी समुद्रात हातपाय मारणारी माणसं पाहिली आणि होड्यांमधली पापलेटं पाण्यात फेकून त्या जागी माणसं ओढून घेतली. आजी हे सांगायची तेव्हा तिचा आवाज दर वेळी बदलायचा. त्या हंगामातली ती त्यांची कमाई होती, तरी एकानंही फेकताना हात आखडला नाही, हे ती आम्हाला बजावून सांगायची. ज्या गावांनी त्या दिवशी सर्वांत जास्त गमावलं, त्याच किनाऱ्यावरच्या माणसांनी सर्वांत जास्त वाचवलंही.

बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. त्यामुळे मुंबईला बातमी कळायला संध्याकाळ झाली. रेवसचा धक्का दिवसभर रडत होता आणि पलीकडे, उघाड पडली तर डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरावर, ते शहर आपल्या कामात होतं. ज्या गिरण्यांमधून, गोद्यांमधून, खानावळींतून ती माणसं सकाळी निघाली होती, तिथे दिवसभर भोंगे ठरल्या वेळी वाजले.

मामांचं प्रेत मिळालं नाही. पुढे कित्येक दिवस किनाऱ्यावर कुठे ना कुठे प्रेतं लागत होती आणि आजीचे वडील प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहून येत होते. या गोष्टीचा शेवट मात्र आजी फार क्वचित सांगायची. मामांच्या मनिऑर्डरवर गावचं घर चालत होतं. ती बंद झाली म्हणून दिवाळीनंतर त्यांचा धाकटा भाऊ मुंबईला गेला. त्याच चाळीत, त्याच खोलीत राहिला. मामांची ट्रंक आणि वळकटी तिथेच होती, ती त्यानं वापरायला घेतली. तो गेला तोसुद्धा बोटीनंच, रेवसहून भाऊच्या धक्क्याला, त्याच पाण्यावरून. त्याच्या आईनं त्याला निरोप देताना काय केलं हे मी एकदा विचारलं होतं. ‘काय करेल? भाकरी बांधून दिली,’ एवढंच आजी म्हणाली.

रामदासच्या आधी वीस वर्षं तुकाराम गेली होती. ११ नोव्हेंबर १९२७. त्या एका दिवसात तुकाराम आणि जयंती अशा दोन बोटी या किनाऱ्यावर बुडाल्या. आमच्या पणजोबांच्या पिढीची ती मोठी आठवण. पणजी म्हणे दसऱ्यानंतर कोणी बोटीनं निघालं की आभाळाकडे बघायची, आणि ज्येष्ठ-आषाढात मात्र तिला वादळाची तितकी भीती नसायची. मला लहानपणी हे उलटं वाटायचं. पावसाळ्यात समुद्र खवळतो, मग भीती पावसाळ्याची हवी ना?

पणजीचा अनुभव शास्त्राला धरून होता. अरबी समुद्रात चक्रीवादळं जन्मतात ती मुख्यतः पावसाळ्याच्या अलीकडे, मे-जूनमध्ये, आणि पलीकडे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. चक्रीवादळाला तापलेलं समुद्राचं पाणी लागतं आणि वरपर्यंत सरळ उभं राहायला शांत आभाळ लागतं. भर पावसाळ्यात खालचे वारे एका दिशेनं आणि उंचावरचे दुसऱ्या दिशेनं इतक्या जोरात वाहतात की वादळाचा खांब उभाच राहत नाही, मोडून पडतो. म्हणजे रामदासला बुडवलं ते चक्रीवादळ नव्हतं, अमावस्येच्या उधाणातला पावसाळी वारा होता. तुकाराम आणि जयंतीचं वादळ वेगळ्या हंगामाचं. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र मोकळा होतो, दिवाळीच्या सुमारास निवळतो, बोटी भरून वाहू लागतात, आणि नेमकी तेव्हाच दक्षिणेकडून एखादी गुंडाळी वर सरकत येते. २००९ साली फयान वादळ आलं तेव्हाही तारीख ११ नोव्हेंबरच होती. रत्नागिरीकडचे मच्छीमार तेव्हा खोल समुद्रात होते, आणि त्यांतले बरेच परत आले नाहीत.

कच्छी आजोबांची विजळी याहून जुनी. बोटीचं खरं नाव वैतरणा. विजेचे दिवे लावलेली म्हणून लोक तिला विजळी म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली, द्वारकेला थांबली, पोरबंदरला हवा खराब म्हणून थांबली नाही, आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यापासून पुढे कुठे तरी नाहीशी झाली. ना लाकूड सापडलं ना माणूस. सातशेच्या वर प्रवासी होते म्हणतात. त्यांत लग्नाची वऱ्हाडं होती आणि मॅट्रिकच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेली मुलं होती. गुजरातीत या बोटीवर गाणी झाली. आमचे शेजारी ती गुणगुणत आणि मध्येच थांबून म्हणत, ‘मुंबई जवा नीकळ्या’. मुंबईला जायला निघाले होते. ते हे अशा स्वरात म्हणत की मृत्यूचं कारण वादळ नसून ते निघणंच असावं.

वादळ खुद्द मुंबईवर आलंच नाही, असंही नाही. १६१८च्या मे महिन्यात वसई आणि मुंबईच्या बेटांवर एक भयंकर वादळ कोसळलं होतं. वसईत तेव्हा पोर्तुगीज होते. साठेक गलबतं आणि दोन हजार माणसं बुडाली, वाऱ्यानं समुद्र शहरात आणून ओतला, असं तेव्हाचं वर्णन आहे. १८५४च्या नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी मुंबई बंदरात असाच हाहाकार झाला. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू होऊन तेव्हा दीड वर्षच झालं होतं.

आणि नोव्हेंबर १९४८. हे आजोबांचं वादळ, आणि याला बोटीचं नाव नाही. आजोबा गोदीत कारकून होते. बावट्यांची भाषा मला त्यांनीच शिकवली. बंदरावरच्या काठीवर दिवसा काळ्या खुणा चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे. एक नंबर म्हणजे दूर समुद्रात काही तरी शिजतंय. तीन नंबर म्हणजे बंदराला वाऱ्याचा त्रास होईल, हा कोळीवाड्यांमधल्या पोरांनाही पाठ. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा मोठ्या धोक्याचे. मग अकरा नंबर. ‘अकरा म्हणजे दहापेक्षा मोठं वादळ का?’ असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, ‘अकरा म्हणजे वेधशाळेशी संपर्क तुटला. आता आपलं आपण बघायचं.’

१९४८च्या त्या रात्री चाळीच्या गॅलरीतल्या झडपा एकामागून एक निघून गेल्या आणि पहाटेपर्यंत सगळी बिऱ्हाडं तळमजल्याच्या खोल्यांमध्ये दाटीवाटीनं बसून होती. सकाळी ते पायी गोदीकडे निघाले तर रस्ता दिसत नव्हता, नुसती झाडं. कुलाब्यापर्यंत आडवी पडलेली झाडं आणि तुटलेल्या तारा, आणि त्यावर लख्ख ऊन. ते लख्ख ऊन त्यांच्या फार लक्षात राहिलं होतं. पण मुंबईनं चार दिवसांत झाडं उचलली, तारा जोडल्या, आणि हे वादळ शहराच्या आठवणीतून निघून गेलं. ते आजोबांसारख्यांच्याच बोलण्यात उरलं. त्या पिढीतले बहुतेक आता गेले.

याउलट एक वादळ न येताच नावाजलं गेलं. जगातल्या मोठ्या चक्रीवादळांच्या याद्यांत वर्षानुवर्षं एक नोंद फिरत राहिली : ६ जून १८८२, मुंबई, एक लाख मृत्यू. ती मी वाचली तेव्हा हादरलो. एक लाख माणसं मेली आणि आमच्या घरात, शेजारात, गावात कोणाच्याच तोंडी ते कसं नाही? विजळीची आठवण राहते आणि तिच्या फक्त सहा वर्षं आधीचं एवढं मरण पुसलं जातं? कोलंबिया विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ ॲडम सोबेल आणि लेखक अमिताव घोष यांनी या नोंदीचा शोध घेतला. त्या काळच्या वर्तमानपत्रांत, सरकारी कागदांत अशा वादळाचा मागमूस नाही. ते वादळ झालंच नव्हतं. घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या पुस्तकात मुंबईवरच्या वादळाच्या शक्यतेचा सविस्तर विचार मांडला आहे. तो वाचल्यावर मला आमच्या घरातल्या गोष्टींची किंमत कळली. छापील यादी चुकली होती आणि आजीची यादी बरोबर होती. तिच्या यादीतल्या प्रत्येक वादळामागे कोणाचं तरी घर होतं.

३ जून २०२०. टाळेबंदीत घरात कोंडलेले आम्ही सकाळपासून टीव्हीसमोर होतो. निसर्ग मुंबईवर येणार, शंभर-सव्वाशे वर्षांत जूनमध्ये असं झालेलं नाही, असं सगळ्या वाहिन्या सांगत होत्या. आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, पाणी भरून ठेवलं. दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि आत वळलं. पडद्यावर अक्षरं आली, मुंबई वाचली. सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येऊ लागली.

माझी आत्या श्रीवर्धनला दिलेली. तिला फोन लावला, लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तिकडचे खांब, तारा, मोबाइलचे मनोरे, सगळंच आडवं झालं होतं. शेवटी कोणाच्या तरी हस्ते निरोप आला की माणसं ठीक आहेत, घरावर एक कौल नाही, वाडी गेली.

वाडी गेली म्हणजे काय, हे मुंबईत बसून कळत नाही. निर्बंध सैल झाल्यावर मी गेलो. श्रीवर्धनचा सुपारीचा रोठा प्रसिद्ध. पोफळीची वाडी म्हणजे सरळ उंच खोडांची गर्द सावली, खाली पाटाचं पाणी, वेलींवर मिरी, मध्ये मध्ये जायफळ. तिथे मी उभा राहिलो तर डोक्यावर नुसतं आभाळ. पोफळी कंबरेतून मोडलेल्या, माड मुळासकट निघालेले, आणि ते एकमेकांवर असे पडलेले की आत शिरायलाही वाट नाही. ज्या माणसानं ही झाडं लावली ते आत्याचे सासरे नव्वदीच्या घरात होते. ते ओटीवर बसून मजुरांना कुठली खोडं आधी तोडायची ते सांगत होते. नवी पोफळ लावली तर धरायला सहा-सात वर्षं तरी लागतात, पूर्ण भरात यायला आणखी. नव्वदीतला माणूस ते जाणून होता, तरी रोपं आणायची बोलणी त्यानं माझ्यासमोरच केली. एवढ्या मोठ्या वादळात माणसं मात्र फार थोडी गेली, कारण हवामान खात्याचे अंदाज नेमके होते आणि हजारो लोकांना आधीच हलवलं होतं. रामदासच्या दिवसापासून इथवर आपण नक्कीच आलो आहोत, आणि ते मला मनापासून मान्य करावंसं वाटतं. पण त्या ओटीवर बसून मुंबई वाचली हे शब्द मला आठवले आणि ते मी तिथे उच्चारू शकलो नसतो.

पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ला, तौक्ते मुंबईसमोरून गुजरातकडे गेलं. किनाऱ्यापासून दीडेकशे किलोमीटर लांबून गेलं तरी कुलाब्याला ताशी १०८ किलोमीटरचे झोत नोंदले गेले आणि सांताक्रूझला दिवसभरात २३० मिलिमीटर पाऊस झाला. शहरात झाडं पडली, विमानतळ काही तास बंद राहिला. त्याच वेळी मुंबईच्या समुद्रात तेलक्षेत्राजवळ पी-३०५ नावाच्या तराफ्याचे नांगर तुटले आणि तो वाऱ्यावर गेला. त्यावर २६१ कामगार होते. नौदलानं त्या समुद्रात जाऊन १८०हून जास्त जणांना वाचवलं. सत्तरहून अधिक मेले. हे कामगार देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले होते. त्यांच्या गावी या वादळाचं नाव तौक्ते आहे की पी-३०५, हे मला जाणून घ्यायचं आहे. माझा अंदाज आहे की पुन्हा एकदा बोटीचंच नाव चालत असेल.

आता समुद्र पूर्वीचा राहिलेला नाही. अरबी समुद्रात चक्रीवादळं कमी आणि बंगालच्या उपसागरात जास्त, साधारण एकास चार, असं आपण शाळेत शिकलो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले अभ्यासक सांगतात की गेल्या काही दशकांत अरबी समुद्राचं पाणी तापत गेलं आहे आणि तिथली वादळं संख्येनं आणि जोरानं वाढली आहेत. यातलं एखादं थेट मुंबईवर येऊ शकतं, आणि ते भरतीच्या वेळी आलं तर भराव घालून सांधलेल्या या बेटांच्या सखल वस्त्यांत पाणी किती आत शिरेल याचा हिशोब सोबेल यांच्यासारखे लोक मांडत आहेत. तो हिशोब मी काळजीनं वाचतो. पण माझ्या मनात त्याच्या शेजारी दुसरा हिशोब चालू असतो. मुंबईच्या वादळांत मेलेली माणसं मोजायची तर मुंबईची हद्द कुठपर्यंत धरायची? मला ती रेवसपर्यंत, मांडवीपर्यंत, श्रीवर्धनपर्यंत धरावी लागते. ज्यांना या शहरानं बोलावलं, ज्यांच्या श्रमावर आणि बागायतीवर ते जगलं, ते सगळे त्या हद्दीत येतात.

आजी गेल्यानंतर मी एक वही केली आहे. रामदासवर गेलेल्यांची नावं, गावानुसार. रेवस, बोडणी, मांडवा आणि आसपासची गावं फिरलो की अजूनही कोणी ना कोणी भेटतं. आमचा थोरला काका, आमच्या आईचे वडील, असं म्हणून नाव देतं, कधी कधी त्या दिवशी अंगावर कुठला सदरा होता तेही सांगतं. ही पानं भरत आली आहेत. पण ती माणसं वर्षाचे अकरा महिने जिथे राहत होती त्या लालबाग, परळ, डोंगरी, माझगावच्या खोल्यांची पानं अजून जवळजवळ कोरी आहेत. चाळी पडल्या, टॉवर झाले, शेजारी पांगले. ज्यांच्या घरी अशी एखादी परत न आलेल्या पाहुण्याची ट्रंक होती, खानावळीच्या वहीत ज्याचा महिना अर्धाच भरला होता असा कोणी सदस्य होता, त्यांनी ते नाव आपल्या घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला याच आठवड्यात विचारावं आणि लिहून ठेवावं. मामांच्या खोलीतले बाकीचे तिघे कोण होते, हे आजीला ठाऊक होतं. मी ते विचारलं होतं, म्हणून ती नावं वहीत आहेत.